मधली मोकळी जागा

वेस्पा पाहावी ती बाजूने. समोरून ती गोड चेहऱ्याची एक साधी दुचाकी वाटते. पण बाजूला येऊन दोन पावलं मागे सरकलं, की तिच्या देहाची रेषा उलगडू लागते. पुढच्या चाकाच्या मडगार्डपासून निघालेली ही रेषा समोरच्या उभ्या पत्र्यावरून वर चढते, हँडलपाशी क्षणभर विसावते, मग आतल्या अंगाने खाली उतरून फूटबोर्डवर सपाट पसरते, आणि सीटखाली पुन्हा उसळी घेऊन मागच्या दोन पुष्ट, गोलाकार बाजूंमध्ये मिसळून जाते. या साऱ्या प्रवासात मधोमध एक ठिकाण असं लागतं, की तिथे काहीही नाही. मोटारसायकलीत ज्या जागी पेट्रोलची टाकी, इंजिन आणि लोखंडी सांगाडा यांची दाटी असते, त्याच जागी वेस्पात निव्वळ हवा आहे. मला वेस्पाचं सारं सौंदर्य या मोकळ्या जागेत साठलेलं दिसतं, आणि आज आपण दोघांनी मिळून तीच जागा निवांतपणे न्याहाळायची आहे.

आपल्यासमोर जी वेस्पा आहे ती न्यू जर्सीतल्या पिस्कॅटवे गावी, एका मराठी कुटुंबाच्या गॅरेजात उभी आहे. वेस्पा १५०, १९६० च्या दशकाच्या सुरुवातीची, इटलीतच घडलेली, फिकट निळ्या रंगाची. रॅरिटन नदीकाठचं हे गाव. रटगर्स विद्यापीठाची दोन विस्तीर्ण आवारं इथे आहेत, जगभरच्या विद्युत अभियंत्यांच्या आयईईई या संस्थेचं मोठं कार्यालय इथल्या होज लेनवर आहे, आणि शेजारच्या एडिसनमधल्या ओक ट्री रोडवर मेथीच्या जुडीपासून मोदकाच्या साच्यापर्यंत सगळं मिळतं. इथले रस्ते मोटारींच्या मापाने आखलेले. कडाक्याच्या थंडीत, रस्त्यावर मीठ पसरलेलं असताना, दुचाकी पांघरुणाखाली झोपून असते आणि वसंत आला की बाहेर येते. पण या घरात वेस्पा आहे ती हौसेपेक्षा खोल कारणाने: घरातल्या ज्येष्ठांनी तरुणपणी पुण्यात जी स्कूटर चालवली, ती आकुर्डीत बनलेली, हिचीच जुळी बहीण होती. इटलीतल्या एका कारखान्याचा इतिहास वाचायला न्यू जर्सीतलं हे गॅरेज म्हणूनच मला योग्य जागा वाटते.

ही मोकळी जागा कोणी सोडली? कोर्रादिनो दास्कानियो या विमानविद्येच्या अभियंत्याने. १९३० च्या ऑक्टोबरात रोमजवळच्या विमानतळावर त्याने रचलेलं हेलिकॉप्टर ८ मिनिटं ४५ सेकंद हवेत राहिलं होतं आणि १८ मीटर उंचीपर्यंत गेलं होतं. त्या काळात हे विक्रम होते. पियाजिओ कंपनीत तो विमानांच्या पंख्यांवर काम करत असे. कंपनीचा प्रवासही मोठा रसाळ आहे. १८८४ साली रिनाल्दो पियाजिओ या विशीतल्या तरुणाने जिनोआजवळ सेस्त्री पोनेंते इथे जहाजांच्या अंतर्भागाचं लाकूडकाम करायला सुरुवात केली. तिथून रेल्वेचे डबे, पहिल्या महायुद्धात विमानं, आणि पुढे पोंतेदेराच्या कारखान्यात चार इंजिनांची बाँबफेकी विमानं. दुसऱ्या महायुद्धात पोंतेदेराचा कारखाना बाँबहल्ल्यांत उद्ध्वस्त झाला. युद्ध संपलं तेव्हा रिनाल्दोचा मुलगा एन्रिको याच्यासमोर ढिगारे होते, कुशल कामगार होते, विमानं मागणारं कोणी नव्हतं, आणि फुटलेल्या रस्त्यांवरून कामावर जाण्यासाठी धडपडणारा एक अख्खा देश होता.

एन्रिकोच्या माणसांनी बिएल्ला इथे एक छोटी स्कूटर आधीच बनवली होती. एमपी ५ हे तिचं कारखान्यातलं नाव, पण कामगार तिला डोनाल्ड डकच्या इटालियन नावाने, ‘पापेरीनो’ म्हणूनच हाक मारत. तिच्या मधोमध उंच कणा होता, पाय टाकून चढावं लागे. एन्रिकोला ती रुचली नाही आणि त्याने ते काम दास्कानियोकडे सोपवलं. दास्कानियोला मोटारसायकल मुळीच आवडत नसे. ती अस्वच्छ असते, तिची साखळी कपड्यांना तेल लावते, चाक पंक्चर झालं तर काढता काढता हात काळे होतात, आणि तिच्यावर बसायचं म्हणजे घोड्यावर टांग टाकावी तसं बसावं लागतं, हे त्याचे आक्षेप. आपण हे आक्षेप एकेक करून ध्यानात ठेवू या, कारण वेस्पाचा प्रत्येक अवयव यांपैकी कुठल्या ना कुठल्या आक्षेपाचं उत्तर आहे. एखाद्या वस्तूवर प्रेम असलेला माणूस ती अधिक मोठी, अधिक वेगवान करत जातो; तिच्या त्रासांनी व्यथित झालेला माणूस तिच्यावर बसणाऱ्याचा विचार करतो. दास्कानियोने आरामात खुर्चीवर बसलेल्या माणसाची आकृती मनात धरली आणि मग तिच्याभोवती यंत्र रचलं. इंजिन मागच्या चाकाच्या कुशीत नेलं, साखळी रद्द केली, गिअरमधून शक्ती थेट चाकापर्यंत पोहोचवली, आणि नळ्यांच्या सांगाड्याऐवजी दाबून आकार दिलेला पोलादी पत्राच गाडीचा कणा केला. इतकं सगळं मागे आणि खाली गेलं, तेव्हा मध्ये जे उरलं ती ही जागा. ती योगायोगाने उरलेली नाही. तिच्यासाठी बाकीचं सारं हलवलं गेलं.

नमुना पाहून, त्याची कृश कंबर आणि फुगीर मागचा भाग पाहून एन्रिको उद्गारला की ही तर ‘वेस्पा’च, म्हणजे गांधीलमाशीच दिसते. नाव तिथेच पडलं. २३ एप्रिल १९४६ रोजी फ्लॉरेन्समध्ये पेटंटचा अर्ज दाखल झाला. पहिली वेस्पा ९८ सीसीची, ताशी साधारण ६० किलोमीटर धावणारी. विकायची कशी, हा प्रश्न होता. मोटो गुझीच्या काउंट पारोदीने आपल्या विक्रेत्यांमार्फत ती विकायला नकार दिला. मोटारसायकलींच्या त्या जगाला ही वस्तू आपली वाटलीच नाही, आणि एका परीने ते खरंही होतं. मग लान्सिया मोटारींच्या दुकानांतून ती विकली गेली. दहा वर्षांत, १९५६ पर्यंत, वेस्पांची संख्या १० लाखांवर पोहोचली.

आता जरा जवळ येऊ या आणि डाव्या मुठीवर हात ठेवू या. ही मूठ क्लचचा दांडा दाबून फिरवली, की आतल्या दोन केबल ताणल्या-सैलावल्या जातात आणि गिअर बदलतो. मोटारसायकलीत गिअर पायाने बदलतात. इथे दास्कानियोने तो हातात आणला, म्हणजे डावा पाय मोकळा, आणि बुटाची पॉलिशही शाबूत. उजवा पाय फक्त मागच्या ब्रेकचा धनी. एवढ्याशा फेरफाराने चालवणाऱ्याच्या देहबोलीत केवढं मार्दव येतं! मनगटाची ती अर्धवर्तुळाकार हालचाल, पहिल्याकडून न्यूट्रलवरून दुसऱ्याकडे जाताना बोटांना जाणवणारा तो बारीकसा खटका, आणि मुठीवर कोरलेले आकडे बाणासमोर आले की मनाला मिळणारी निश्चिंती. ज्यांनी ही मूठ वर्षानुवर्षं फिरवली त्यांना आकड्यांकडे पाहावं लागत नसे. या पिस्कॅटवेच्या गॅरेजात, जिथे बाजूची मोटार स्वतःच आपले गिअर बदलते, आलेला पाहुणा पहिल्यांदा काय करत असेल तर नकळत ही मूठ फिरवून बघतो. मला ती क्रिया फार प्रिय आहे. स्मृती मनगटात राहते याचा इतका सरळ पुरावा दुसरा मिळणार नाही.

पुढच्या चाकाशी वाका. बहुतेक दुचाक्यांत पुढचं चाक दोन्ही बाजूंनी चिमट्यात धरलेलं असतं. वेस्पात ते एकाच बाजूने, एकाच भुजेवर पेललेलं आहे; दुसरी बाजू मोकळी. ही कल्पना दास्कानियोच्या विमानजगतातून आली, विमान उतरताना खाली येणाऱ्या चाकांच्या रचनेतून. फायदा असा, की मोटारीच्या चाकाप्रमाणे काही नट सोडवले की चाक बाजूला निघून येतं. ना साखळी, ना हात काळे होण्याची धास्ती. पुढचं आणि मागचं चाक सारखंच, त्यामुळे एक स्टेपनी दोन्हीकडे चालते. रिमसुद्धा दोन तबकड्यांची, नट-बोल्टने जोडलेली. ती उघडली की टायर आपोआप सुटतो. रस्त्याच्या कडेला, पावसाची भुरभुर सुरू असताना, ऑफिसच्या पांढऱ्या शर्टात चाक बदलून पुन्हा मार्गस्थ झालेले कितीतरी गृहस्थ महाराष्ट्राने पाहिले आहेत. त्यांच्या शर्टाच्या शुभ्रतेत विमानविद्येचा वाटा होता, ही गोष्ट मला अतिशय सुंदर वाटते.

आणि आता एक दोष, जो गुणाइतकाच लोभस आहे. इंजिन मागच्या चाकाच्या उजव्या अंगाला बसवलेलं असल्यामुळे वेस्पाचं वजन उजवीकडे झुकतं. बाहेरून पाहिलं तर दोन्ही बाजू सारख्याच फुगीर. पण उजव्या फुगीरपणाखाली धगधगणारं यंत्र आहे, तर डाव्या बाजूला पाना, फडकं, गाडीचे कागद, कधी चार हिरव्या मिरच्या आणि कोथिंबीर ठेवण्याची जागा. चालवणारा नकळत अंगाने तोल सावरत राहतो. या सावरण्यानेच ती चालवणाऱ्याच्या देहाशी एकरूप होते. सकाळी गार पडलेली गाडी सुरू करण्यापूर्वी तिला क्षणभर कलती करण्याचा विधी घराघरांत होता. कलती केली की पेट्रोल जागेवर पोहोचतं, हा सर्वमान्य विश्वास. मग चोक, मग किक. पहिली वाया जायची, दुसरीला नुसता सुस्कारा, तिसरीला तो टू-स्ट्रोक इंजिनाचा अडखळता, मग एकदम सलग होणारा नाद, आणि मागे निळसर धुराची एक शेपटी. तरीही ऐकली नाही, तर प्लग काढून पॉलिश पेपरने घासायचा. घरातल्या मुलाला वडिलांनी पहिलं यंत्रज्ञान दिलं ते बहुधा या प्लगच्या निमित्ताने.

एक छोटं वळण घेऊन न्यू जर्सीतच थोडं उत्तरेकडे जाऊ. हॅस्ब्रूक हाइट्स या गावी बर्लिनर बंधूंची कंपनी होती. इटलीतल्या डुकाटी आणि मोटो गुझी यांच्या मोटारसायकली अमेरिकेत आणणाऱ्यांपैकी ती फार महत्त्वाची. अमेरिकी पोलिसांना शोभेल अशी प्रचंड मोटारसायकल डुकाटीने करावी, अशी मागणी बर्लिनरांनी केली आणि १९६० च्या दशकाच्या पूर्वार्धात ‘अपोलो’ जन्मली: चार सिलिंडर, सव्वा लिटरहून मोठं इंजिन. तिची ताकद इतकी, की त्या काळचे टायरच तिला पुरे पडेनात, आणि ती बाजारात आलीच नाही. मला अपोलोबद्दलही आदर आहे. पण तिच्याशेजारी वेस्पा उभी करून पाहिली की इटालियन कल्पकतेची दोन टोकं स्पष्ट दिसतात. अपोलोच्या मधोमध इंजिनाचा पर्वत आहे. वेस्पाच्या मधोमध पाय ठेवायची जागा. वेस्पासुद्धा अमेरिकेत आली होती, १९५० च्या दशकात सीअर्सच्या कॅटलॉगमधून, ‘ऑलस्टेट’ या नावाने. पण इथल्या रस्त्यांना आणि अंतरांना तिची गरज नव्हती. जिथे तिची गरज होती, तो देश वेगळाच होता.

तिथे ती आधी तीन चाकांवर लोकांच्या नजरेत भरली. पियाजिओने १९४८ मध्ये वेस्पाचं पुढचं अंग तसंच ठेवून मागे दोन चाकं आणि मालाचा डबा जोडलेली गाडी आणली. स्वातंत्र्यलढ्यात भाग घेतलेले अहमदनगरचे नवलमल फिरोदिया यांनी त्या मालवाहू गाडीत माणसांना बसवण्याची शक्यता पाहिली, आणि पुण्याच्या रस्त्यांवर ऑटोरिक्षा अवतरली. जुन्या रिक्षावाल्याच्या हातातलं हँडल नीट आठवा: तोच डाव्या मुठीतला गिअर, तेच एकट्या भुजेवरचं पुढचं चाक. आपण रिक्षात बसलो तेव्हा अर्धी वेस्पाच आपल्याला नेत होती.

जमनालाल बजाजांच्या घराण्याने १९४५ च्या नोव्हेंबरात ‘बछराज ट्रेडिंग कॉर्पोरेशन’ स्थापन केली होती. १९४८ पासून ती दुचाकी-तीनचाकी वाहनं आयात करून विकू लागली. १९५९ साली देशातच उत्पादन करण्याचा सरकारी परवाना मिळाला, १९६० मध्ये कंपनी सार्वजनिक झाली, आणि महाराष्ट्र राज्य जन्मलं त्याच सुमारास पुणे-मुंबई रस्त्यावरच्या आकुर्डीत पियाजिओच्या सहकार्याने वेस्पा १५० तयार होऊ लागली. मुंबईत ऑटोमोबाइल प्रॉडक्ट्स ऑफ इंडिया ही कंपनी लॅम्ब्रेटा बनवत होती. तीही इटलीचीच, मिलानच्या इनोचेंतीची. लॅम्ब्रेटा लांबोळी, नळ्यांच्या सांगाड्यावर पत्रे चढवलेली, इंजिन मधोमध, तोल उत्तम. तिचे चाहते आजही तिच्या स्थैर्याचे गोडवे गातात आणि त्यांचं खरं आहे. तरी मराठी घराने मन दिलं ते वेस्पाला.

का दिलं, याचं उत्तर मला पुन्हा त्या मोकळ्या जागेत सापडतं. दास्कानियोने ती सोडली तेव्हा त्याच्या मनात स्कर्ट घालणारी इटालियन स्त्री असावी, झग्यातला धर्मगुरू असावा. लक्ष्मी रोडवरचं दृश्य त्याच्या स्वप्नातही नसणार. पण त्याने सोडलेल्या जागेत धोतराचा सोगा न अडकता मावला. गिरणीतून आणलेला दळणाचा गरम डबा दोन पायांच्या मध्ये बसला. गॅसचा सिलिंडर उभा राहिला. भाद्रपदात पाटावरचा गणपती रुमालाने झाकून तिथूनच घरी आला, आणि त्याच्यामागे बसलेल्याने दोन्ही पायांनी मूर्तीला असा आधार दिला, की खड्डा आला तरी सोंडेला धक्का लागू नये. आणि सर्वांत महत्त्वाचा रहिवासी म्हणजे घरातलं मोठं मूल: हँडल धरून पुढे उभं, तोंडावर वारा, डोळे बारीक, हॉर्न वाजवायची मुभा मिळेल का या आशेने अंगठा तयार. त्या मुलाच्या उंचीवरून घराचा काळ मोजता येत असे. डोकं हँडलच्या वर येऊन वडिलांना रस्ता दिसेनासा झाला, की त्याची रवानगी मागे आणि धाकट्याची बढती पुढे.

मागच्या सीटकडे पाहा. आपल्याकडे स्त्रिया एका अंगावर, पाय डावीकडे सोडून बसत. वेस्पाचं तापणारं इंजिन उजवीकडे, तेव्हा साडीच्या निऱ्या गार आणि स्वच्छ बाजूला आल्या. मागचं चाक पत्र्याच्या आत लपलेलं, म्हणून पदर आऱ्यांत अडकण्याचं भय कमी. साडी डोळ्यासमोर ठेवून पोंतेदेरात कोणी आराखडा काढला नव्हता. तरी जणू काढला असावा इतकं हे जुळून आलं. डाव्या बाजूला पाय ठेवायला एक पट्टी जोडली, एवढीच आपली भर. नवरा, बायको, पुढे एक, मध्ये एक: चौघांचं कुटुंब एका इटालियन रेषेत सामावलं, आणि पर्वतीच्या पायथ्यापासून शनिवारवाड्यापर्यंत अशी कुटुंबं संध्याकाळी वाहत राहिली. मराठी मध्यमवर्गाचं समूहचित्र कोणाला काढायचं असेल, तर त्याने घराच्या दिवाणखान्यापेक्षा आधी या गाडीपाशी जावं असं माझं मत आहे.

ही गाडी मिळणं मात्र सोपं नव्हतं. परवान्यांच्या त्या काळात उत्पादनावर मर्यादा होती; नाव नोंदवून वर्षानुवर्षं, पुढे तर दहा दहा वर्षंही, वाट पाहावी लागे. इथे अमेरिकेतल्या मराठी घरांचा या कथेत प्रवेश होतो. १९६५ च्या स्थलांतरविषयक कायद्यानंतर अमेरिकेची दारं उघडली आणि महाराष्ट्रातले अभियंते, डॉक्टर, संशोधक इकडे येऊ लागले. देशाला परकीय चलनाची चणचण होती, म्हणून परदेशातून परकीय चलनात पैसे भरले तर स्कूटर रांगेबाहेर, लवकर मिळण्याची सोय होती. न्यू जर्सीत भाड्याच्या घरात राहणाऱ्या, स्वतः जुन्या मोटारीवर भागवणाऱ्या कितीतरी भावांनी आपल्या पगारातून डॉलर बाजूला काढले आणि पुण्या-नागपुरातल्या धाकट्या भावाच्या, मेहुण्याच्या दारी स्कूटर उभी केली. तिला हार घातल्याचा फोटो टपालाने इकडे येई. फोटोत स्कूटर, तिच्यावर कुंकवाचं स्वस्तिक, चाकाखाली लिंबू, बाजूला सारं घर. पैसे पाठवणारा तेवढा चौकटीबाहेर. पिस्कॅटवेच्या या निळ्या वेस्पाला हात लावताना घरातली वडीलधारी माणसं ज्या हळुवारपणे लावतात, त्याचा उगम मला त्या चौकटीबाहेरच्या उभं राहण्यात दिसतो.

१९७१ मध्ये पियाजिओशी असलेला करार संपला. वेस्पा हे नाव उतरलं आणि १९७२ मध्ये राणा प्रतापांच्या घोड्याचं नाव घेऊन चेतक आली. साताऱ्यात महाराष्ट्र स्कूटर्सच्या कारखान्यातून ‘प्रिया’ निघू लागली. नावातच लाड भरलेले. चेतकचा देह वेस्पा स्प्रिंटच्या घडणीचा, चाकं आधीच्या ८ इंचांऐवजी १० इंचांची, म्हणजे आपल्या खड्ड्यांशी अधिक समजुतीने वागणारी. जुन्या मालकाला हे साम्य रुचलं नाही. बजाजच्या स्कूटर परदेशी जाऊ लागल्या तेव्हा पियाजिओच्या बाजूने खटले झाले. १९८२ साली कॅलिफोर्नियातल्या संघीय न्यायालयातही असं एक प्रकरण उभं होतं. कायद्याच्या निकालात मला रस नाही. मला त्या भांडणात दोन्हीकडचं प्रेम दिसतं: एकाने ती रेषा काढली होती, दुसऱ्याने तिच्यावर एक समाज बसवून दाखवला होता. दोघांनाही ती सोडवत नव्हती. राहुल बजाज १९६८ मध्ये कंपनीचे प्रमुख झाले, १९८५ मध्ये औरंगाबादजवळ वाळूजचा कारखाना उभा राहिला, आणि १९८९ च्या ‘हमारा बजाज’ या जाहिरातीने सारा देश आपला चेहरा त्या पत्र्यात पाहू लागला. पोंतेदेराच्या ढिगाऱ्यांतून उठलेली आकृती तोवर इतकी इथली झाली होती, की तिच्या इटालियन जन्माची आठवण कोणाला उरली नव्हती. कलावस्तूचं याहून मोठं भाग्य कोणतं?

पुढे मोटारसायकली आल्या, गिअर नसलेल्या हलक्या स्कूटर आल्या, आणि २००९ च्या अखेरीस बजाजने स्कूटर बंद करण्याचा निर्णय जाहीर केला. तो निर्णय मुलाचा, राजीव बजाज यांचा. राहुल बजाज यांनी आपल्याला त्याचं दुःख झाल्याचं जाहीरपणे सांगितलं होतं. उद्योगपतीच्या तोंडी असं दुःख क्वचितच येतं, आणि मला ते मनापासून पटतं. वेस्पा मात्र महाराष्ट्रात परतली: तीनचाकी गाड्यांसाठी १९९० च्या दशकाच्या अखेरीस बारामतीत आलेल्या पियाजिओने २०१२ मध्ये तिथूनच नवी वेस्पा बाजारात आणली. तिचा पत्रा तोच पोलादी, कंबर तीच. फक्त डाव्या मुठीतला गिअर गेला.

चेतक हे नाव २०१९ मध्ये विजेच्या स्कूटरवर पुन्हा आलं. राहुल बजाज २०२२ च्या फेब्रुवारीत गेले आणि त्याच वर्षी जूनमध्ये, त्यांच्या जन्मदिनी, आकुर्डीत या स्कूटरच्या नव्या कारखान्याचं काम सुरू झालं. तिला किक नाही, प्लग नाही, कलती करण्याचा विधी नाही, निळा धूर नाही. पण तिचा देह धातूचा आहे, आणि पुढच्या चाकाशी वाकून पाहिलं तर ते एकाच भुजेवर पेललेलं आढळतं. दास्कानियोने विमानाच्या चाकांवरून उचललेली ती युक्ती आकुर्डीच्या तरुण अभियंत्यांनी जपली, आणि फूटबोर्डही सपाट ठेवला, दळणाचा डबा नीट बसेल इतका.